उतरवलेले वजन परत चढू नये म्हणून

वजन उतरवणे आणि उतरलेले वजन राखणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले काम चार-सहा महिन्यांचे. त्याला उत्साह पुरतो, भेटणारा प्रत्येक जण 'बारीक झालीस गो' म्हणतो. दुसरे काम जन्मभराचे, आणि त्याचे कौतुक कुणी करत नाही, कारण दाखवण्यासारखे काही नसते. गेल्या चवथीला (गणेश चतुर्थीला) जेवढे वजन होते तेवढेच या चवथीला. माझ्या लेखी खरे मोठे काम हेच. हा लेख ज्यांनी नुकतेच वजन उतरवले आहे त्यांच्यासाठी आहे, आणि ज्यांचे वजन आज बरे आहे पण दर वर्षी किलो-दीड किलोने सरकत चालले आहे त्यांच्यासाठीही.

गोव्यात हा विषय हलक्यात घेण्यासारखा राहिलेला नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ साली आले, तेव्हा मधुमेहाचे प्रमाण सर्वात जास्त गोव्यात होते : २६.४ टक्के. म्हणजे प्रौढांतला दर चौथा माणूस. आपल्या आज्या-पणज्या हेच शीत-कडी (भात-आमटी) खात होत्या, मग एवढे काय बदलले? विहिरीवर पंप बसला, रगड्याच्या जागी मिक्सर आला, कोपऱ्यावरच्या दुकानात जायलाही स्कूटर निघू लागली. ताटातला भात मात्र शेतात राबणाऱ्या माणसाच्या मापाचाच राहिला.

शरीर का भांडते, ते आधी समजून घ्या

वजन परत चढले की लोक स्वतःला दोष देतात. 'मला जिभेवर ताबाच नाही' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे की त्याबद्दल आधी बोलायलाच हवे. मेलबर्नच्या संशोधकांनी २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. दहा आठवडे अगदी कमी खाऊन ज्या लोकांनी सरासरी साडेतेरा किलो वजन उतरवले होते, त्यांच्या रक्तातले भुकेचे आणि तृप्तीचे हार्मोन वर्षभरानंतर पुन्हा तपासले. पोट भरल्याचा निरोप देणारे लेप्टिन अजूनही खाली होते, भूक जागवणारे घ्रेलिन अजूनही वर होते, आणि भूक खरोखरच जास्त लागत होती. वर्ष उलटले तरी शरीर जुन्या वजनाकडे ओढत होते.

अमेरिकेतले संशोधक केविन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये याचा हिशोब मांडला. उतरलेल्या दर किलोमागे शरीराचा रोजचा खर्च साधारण २० ते ३० कॅलरींनी कमी होतो, आणि भूक मात्र सुमारे १०० कॅलरींनी वाढते. दहा किलो उतरवलेल्या माणसाला हे लावून पाहा. त्याला रोज दोनशे-तीनशे कॅलरी कमी लागतात, आणि शरीर त्याच्याकडे हजार कॅलरी जास्त मागते. इतक्या ओढीपुढे नुसत्या निर्धारावर माणूस फार काळ तग धरत नाही. म्हणून सवयी अशा लावून घ्यायच्या की रोज उठून निर्धार करावाच लागू नये. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

पहिली पायरी : कोणते वजन राखायचे ते ठरवा

उंची मीटरमध्ये घ्या, तिचा वर्ग करा, आणि किलोतल्या वजनाला त्याने भागा. आलेला आकडा म्हणजे बीएमआय. आपल्याकडे तो २३ च्या आत असावा असे धरतात, २५ च्या पुढे स्थूलपणा. गोऱ्या लोकांसाठी या मर्यादा २५ आणि ३० आहेत, पण आपल्या लोकांना कमी वजनावरच मधुमेह आणि रक्तदाब गाठतात, म्हणून आपली रेघ अलीकडे. उंची १६० सेंटिमीटर असेल तर वजन ४७ ते ५९ किलोंच्या दरम्यान बरे. १७० असेल तर साडेत्रेपन्न ते साडेसहासष्ट. सोबत कमरेचे मापही घ्या. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि बायकांची ८० च्या आत असावी. टेप बेंबीच्या किंचित वर, शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर.

आता खरी गोष्ट. १६० सेंटिमीटर उंचीची बाई ७४ किलोंवरून ६७ वर आली आणि तिथेच राहिली, तर तक्त्याप्रमाणे ती अजूनही स्थूल. तरीही तिच्या साखरेला, रक्तदाबाला, गुडघ्यांना त्याचा स्पष्ट फायदा होतो; वजनाच्या पाच ते दहा टक्के घट टिकली तरी एवढे साधते. माझे मत विचाराल तर ६७ किलो दहा वर्षे राखणे हे ५८ किलो एक महिना बघण्यापेक्षा कितीतरी मोलाचे. तेव्हा पहिला आकडा तुम्हाला झेपेल असा ठरवा. तिथे सहा-आठ महिने स्थिर राहा. मग वाटले तर आणखी उतरवा.

दुसरी पायरी : काटा, वही आणि लक्ष्मणरेषा

अमेरिकेत १९९४ पासून एक नोंदणी चालू आहे. किमान साडेतेरा किलो उतरवून ते किमान वर्षभर राखलेल्या हजारो लोकांची माहिती तिच्यात जमा होते. त्यांनी वजन उतरवले नाना तऱ्हांनी, पण राखण्याच्या सवयी मात्र पुष्कळशा सारख्या निघाल्या. त्यांतली एक म्हणजे चारातले तीन जण आठवड्यातून किमान एकदा काट्यावर उभे राहतात.

आठवड्याचा एक वार ठरवा. सोमवार मला सोयीचा वाटतो, कारण रविवारचे जेवण त्याच्या आदल्याच दिवशी झालेले असते आणि बरेच जण सोमवारी शिवराक (शाकाहारी) असतात, म्हणजे सावरायला दिवसही हाताशी. सकाळी उठल्यावर, शौच झाल्यावर, चहाच्या आधी, रोजच्या त्याच हलक्या कपड्यांत वजन करायचे. काटा सपाट लादीवर ठेवा. चटईवर किंवा उंचसखल फरशीवर तो एक-दीड किलोचा फरक सहज दाखवतो. आकडा वहीत लिहा. मोबाइलमध्ये लिहिलात तरी चालेल, पण फडताळाच्या दाराला चिकटवलेला कागद मला जास्त भरवशाचा वाटतो, कारण तो येता-जाता दिसतो.

एका दिवसाच्या आकड्यावर जीव टाकू नका. आदल्या रात्री सुक्या बांगड्यांची किसमूर किंवा खारातले मासे पोटभर झाले असतील तर मिठामुळे अंगात पाणी साठते आणि काटा किलोभर वर जातो. पाळीच्या आधीच्या दिवसांत बायकांचे तेच होते. ती चरबी नव्हे, दोन-तीन दिवसांत उतरते. बघायचे ते चार आठवड्यांच्या आकड्यांकडे, ते कुठे चालले आहेत तिकडे.

आणि रेषा आखा. ठरवलेल्या वजनाच्या वर दोन किलो. ६७ राखायचे असेल तर ६९. लागोपाठ दोन सोमवार काट्याने ६९ च्या वर दाखवले तर त्याच आठवड्यात हालचाल करायची. ती कशी, ते पुढे सांगते. दोन किलो परत उतरवणे महिना-दीड महिन्याचे काम आहे. आठ किलो साचल्यावर जाग आली तर पुन्हा सगळे पहिल्यापासून, आणि दुसऱ्यांदा तेवढा उत्साह नसतो.

ज्यांना पूर्वी खाण्याचा आजार झालेला आहे, किंवा काट्यावरचा आकडा बघून ज्यांचा अख्खा दिवस नासतो, त्यांनी काटा बाजूला ठेवावा. त्यांच्यासाठी महिन्यातून एकदा कमरेची टेप आणि नेहमीच्या पँटचे बटण पुरे.

तिसरी पायरी : शीत-कडी सोडू नका, नारळ मोजा

वजन राखायचे म्हणून भात बंद, मासे उकडून, नारळ वर्ज्य असा संकल्प गोव्याच्या घरात टिकत नाही. टिकूही नये. आपल्या जेवणात मासे आहेत, कडधान्ये आहेत, पालेभाजी आहे, कोकम आहे. मुळात जेवण चांगले आहे. सावध राहायचे ते तीन ठिकाणी : नारळ, तेल आणि भाताचा डाव.

नारळाचा हिशोब एकदा डोळ्यांसमोर करून बघा. १०० ग्रॅम ओल्या खोबऱ्यात साडेतीनशेच्या वर कॅलरी असतात. मध्यम नारळ फोडून आदोळीवर खवला की पाव किलोच्या पुढेमागे खोबरे निघते, म्हणजे एका नारळात हजाराच्या आसपास कॅलरी. चार माणसांच्या हुमणाला (माशांच्या आमटीला) आख्खा नारळ वाटला आणि कडी संपली, तर प्रत्येकाच्या पोटात कडीतूनच अडीचशे गेल्या. भात, तळलेला मासा आणि सोलकढी अजून बाकी. आता तेच हुमण अर्ध्या नारळाचे करा. वाटणात धणे थोडे वाढवा, अर्धा कांदा बारीक वाटून घाला म्हणजे कडीला अंग येते, आणि वाटण एकदम गुळगुळीत होऊ द्या. मिक्सर दोन मिनिटांवर थांबवू नका. खोबरे जितके बारीक वाटले जाईल तितकी कडी दाट लागते. तिरफळे आणि सोलां (कोकमे) नेहमीसारखीच. पहिल्या दिवशी घरात कुणीतरी 'आज कडी पातळ' म्हणेल. आठवड्याभराने कुणी म्हणत नाही.

आठवड्यातले दोन दिवस नारळाशिवायची आमटी करा. आपल्याकडे अशा आमट्या आहेतच, नवे काही शिकावे लागत नाही. मोरीचे (मुशी माशाचे) आंबट-तीक घ्या. बांगड्याचे तिखले घ्या, किंवा हळदीच्या पानात गुंडाळून तव्यावर भाजलेला बांगडा. सोलकढीच्या जागी फुटी कढी : कोकमाचे पाणी, लसूण, हिरवी मिरची, हिंग, वर कोथिंबीर. खोबऱ्याचा रस नाही, आणि माशाच्या जेवणानंतर ती अधिक स्वच्छ लागते असे मला मनापासून वाटते.

तळणाचे म्हणाल तर रवा लावून तेलात पोहत ठेवलेली इसवणाची (सुरमईची) तुकडी आणि तव्यावर दोन चमचे तेलात परतलेली तुकडी यांत दीडशे कॅलरींचाही फरक पडू शकतो. तेल बाटलीतून धार धरून ओतू नका, चमच्याने घाला. एक मोठा चमचा तेल म्हणजे १२० च्या आसपास कॅलरी. मग ते खोबरेल असो वा सूर्यफुलाचे, सगळ्या तेलांचा हिशोब एकच.

भाताबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. उकडा तांदूळ खाल्ला तर वजन वाढत नाही असे पुष्कळ जण मानतात. उकडा चांगलाच, चावावा लागतो, पोटाला धरून राहतो. पण कॅलरींमध्ये तो पांढऱ्या भाताच्या जवळपासच आहे. शंभर ग्रॅम शिजलेल्या भातात १३० च्या आसपास. तेव्हा एक डाव ठरवा, दुपारी दोन आणि रात्री एक, असे काहीतरी, आणि तो डाव बदलू नका. सकाळची पेज मात्र खुशाल प्या. वाटीभर शितांत खूप पाणी असल्याने ती कमी कॅलरींत पोट भरते, फक्त तिच्यासोबत तोंडी लावायला खारातली कैरी एक फोड, चार नव्हेत.

ताटातली जागा कशाने भरायची? भाजीने आणि प्रथिनांनी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे सांगितली आहेत. ४०० ग्रॅम म्हणजे दोन्ही जेवणांत भाजी, आणि ती चमचाभर तोंडी लावण्यापुरती नव्हे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा पणजीच्या मार्केटात तांबडी भाजी, सात शिरांची भेंडी, वाल, मस्कांगेची (शेवग्याची) पाने मिळतातच. पावसाळ्यात तायकिळो (टाकळा) आणि फागलां (करटोली). भाजीवर खोबरे भुरभुरायचे, ढीग करायचा नाही. प्रथिनांसाठी मासे, अंडी, मूगाच्या गाठी (मोडाच्या मुगाची उसळ), अळसांदे (चवळीसारखे कडधान्य), चण्याचे रोस, ताक. ज्या जेवणात प्रथिने पुरेशी असतात त्यानंतर भूक उशिरा लागते, आणि स्नायू राखायलाही ती लागतात.

चौथी पायरी : पोदेराची घंटी आणि चारचा चहा

जेवण ताळ्यावर आणलेल्या माणसाचे वजन बहुतेक वेळा जेवणाच्या मधल्या वेळांत चढते. सकाळी पोदेर (पाववाला) येतो, संध्याकाळी पुन्हा येतो. पिशवीत सहा पाव पडले की सहा संपतात. मोजून घ्या : माणशी एक, फार तर दोन. जमेल तेव्हा पोई घ्या, तिच्यात कोंडा असतो. मैद्याच्या पावाइतकी नाही तरी तीही कॅलरींत भर घालतेच, म्हणून पोईचीही संख्या ठरलेली असू द्या.

बाहेर पडला की पातळभाजी-पाव आणि सोबत मिरचीभजी, मग कामावर बन्स, मग कुणाच्या वाढदिवसाचा सामोसा. यांतले एखादे आठवड्यातून दोनदा खा, आवडीने खा, आणि त्या दिवशी दुपारचा एक डाव भात कमी करा. चहात दोन चमचे साखर आणि दिवसाला चार चहा म्हणजे दीडशेच्या वर कॅलरी नुसत्या साखरेच्या. दर पंधरा दिवसांनी अर्धा चमचा कमी करत या. जिभेला कळतसुद्धा नाही. हे बाकीच्या बदलांपेक्षा सोपे आहे, म्हणून नवख्यांनी इथूनच सुरुवात करावी असे मी सुचवते.

घोटाबद्दलही सांगायला हवे, कारण गोव्यात त्याशिवाय हिशोब पुरा होत नाही. एक ग्रॅम मद्यार्कात सात कॅलरी असतात, जवळजवळ चरबीइतक्या. ६५० मिलीची बिअरची मोठी बाटली म्हणजे अडीचशेच्या पुढे कॅलरी. ६० मिली फेणी म्हणजे सुमारे १४०, त्यात लिमका ओतली की साखर वेगळी. आणि काजूच्या मोसमात हुर्राक (काजूची हलकी दारू) पाण्यासारखा पोटात जातो. शिवाय घोट घेतल्यावर तळलेल्या ताटलीकडे हात आपोआप वळतो, ती भर कुणी मोजतच नाही. पीत नसाल तर सुरू करू नका. पीत असाल तर वार आणि माप दोन्ही ठरवा, आणि शीतपेयाऐवजी साधा सोडा आणि लिंबू घ्या.

पाचवी पायरी : पाय आणि हात

व्यायामाने वजन उतरते थोडेच, पण उतरलेले राखायला त्याच्याइतका उपयोग दुसऱ्या कशाचा नाही. त्या अमेरिकन नोंदणीतले दहातले नऊ जण रोज सरासरी तासभर काहीतरी हालचाल करतात, आणि बहुतेकांची ती हालचाल म्हणजे चालणे. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. वजन राखायचे असेल त्याने ३०० कडे बघावे.

गोव्यात चालायची अडचण रस्त्याची आहे. फुटपाथ नाही, वळणावर टिप्पर येतो, संध्याकाळी कुत्री. पणजीकरांना मिरामारचा किनारा आणि कांपालचा नदीकाठ आहे, दम वाढवायचा असेल तर आल्तिनोचा चढ. गावातल्या माणसाने शेताच्या बांधावरून देवळापर्यंत जाऊन यावे. सकाळी साडेसहाच्या आत निघा. मार्चनंतर आठ वाजता घामाने जीव नको होतो. वेग असा हवा की बोलता यावे पण गाता येऊ नये. दिवसात एकदा तास जमत नसेल तर वीस-वीस मिनिटे तीनदा करा, परिणाम तोच. आणि स्कूटरचा एक नियम करा : एक किलोमीटरच्या आतल्या कामाला ती काढायची नाही. बाजार, पोस्ट, रेशन, दूध. एवढ्यानेच कित्येकांची रोजची अर्ध्या तासाची चाल होते.

चालण्याइतकीच ताकद महत्त्वाची. उपाशी राहून वजन उतरवले तर चरबीबरोबर स्नायूही जातात, आणि स्नायू गेले की शरीराचा बसल्या-बसल्या होणारा खर्चही कमी होतो. पन्नाशीनंतर तर ते आपोआप झिजत असतात. आठवड्यातून दोन दिवस जड कामाचे धरा. जिममध्ये जायचे तर जा, नाहीतर घरी : खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे बारा वेळा, भिंतीला हात टेकून दंड, जिन्याचा कठडा धरून टाचा उचलणे, पाच किलोची तांदळाची पिशवी छातीशी धरून घरातल्या घरात दहा फेऱ्या. प्रत्येक दोन-तीनदा. पंधरा मिनिटांत होते. महिनाभराने सोपे वाटू लागले की पिशवी दहा किलोची घ्या. गुडघे किंवा पाठ दुखत असेल तर एकदा फिजिओथेरपिस्टला दाखवून मगच सुरू करा.

सहावी पायरी : वर्ष समोर ठेवून आखणी करा

वजन वर्षभर सारखे वाढत नाही, ठरावीक दिवसांत वाढते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात सणासुदीच्या दीड महिन्यात लोकांचे वजन सरासरी ३७० ग्रॅम वाढलेले आढळले. आकडा क्षुल्लक. पण पुढच्या उन्हाळ्यापर्यंतही ते उतरले नव्हते, आणि दर वर्षी त्यात भर पडत जाते. आपल्याकडे असे दिवस कोणते ते सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून कॅलेंडर उघडून आधीच खुणा करा.

जून आणि जुलै. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत ६१ दिवस ट्रॉलरना बंदी, ताजा मासा महाग आणि कमी. त्याच वेळी पाऊस असा की चालणे बंद. घरात बसून सुके मासे, भजी, चिकन, वाफाळता चहा. म्हणजे दोन्ही बाजूंनी मार. मे संपायच्या आत पावसाळ्याची सोय करून ठेवा : वसरीत (ओसरीत) फेऱ्या मारायची वेळ, जिना, ताकदीचे व्यायाम दोनाऐवजी तीन दिवस. माशांची जागा कडधान्यांनी भरा, मूग-अळसांदे रात्री भिजत घालायची सवय लावा. घराच्या वसरीत एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत पंधरा पावले असतील तर वीस मिनिटांत चांगली चाल होते. कंटाळा येऊ नये म्हणून कानात कीर्तन किंवा बातम्या लावा.

चवथ. नेवऱ्या, पातोळ्या, मणगणें, पंचखाद्य. आणि पाच घरी जाऊन पाच ठिकाणी पान वाढलेले. चवथीच्या दोन मुख्य दिवशी काही मोजू नका, मनसोक्त जेवा, सण त्याचसाठी असतो. गडबड होते ती नंतर. नेवऱ्यांचा डबा पंधरा दिवस फडताळात राहतो आणि चहाबरोबर रोज दोन. डबा लवकर वाटून टाका : शेजारी, कामावर, वाड्यावरच्या मुलांना. आणि वडीलधाऱ्या मामी-काकी “इल्लेंशें घे गो, कितें जाता?” म्हणत ताटात वाढायला येतात तेव्हा नको म्हणून त्यांचे मन दुखवण्यापेक्षा पहिल्यांदाच थोडे वाढून घ्या, म्हणजे दुसऱ्यांदा घ्यायला जागा राहते. खतखतें मात्र हवे तेवढे घ्या. भाज्यांनी भरलेला दुसरा असा सणाचा पदार्थ नाही.

दिवाळीचे फोव (पोहे) झाले की जत्रा आणि लग्ने सुरू होतात, ती थेट मे महिन्यापर्यंत. इथे माझा साधा सल्ला : घरून उपाशी निघू नका. निघण्याआधी ताक आणि एक केळे. जत्रेतले खाजे विकत घ्याल ते पाव किलो घ्या, किलो नव्हे. एकादशी, सोमवार असे उपास असतील तर साबुदाणा आणि बटाट्याच्या कापांऐवजी फळे, दही, रताळे. नाहीतर उपासाच्या दिवशीच जास्त खाल्ले जाते.

मानकुराद आंबा आला की एक पुरे. आंबा जेवणानंतर वर खाण्याऐवजी चारच्या खाण्याच्या जागी खा. आंब्याच्या दिवसांत आंबा न खाण्याचा सल्ला मी कुणाला देणार नाही.

झोप आणि पाळ्या

वेर्ण्याच्या किंवा कुंडईच्या कारखान्यांत, हॉटेलांत, कसिनोंत रात्रपाळी करणाऱ्यांना हे सगळे दुप्पट अवघड जाते. कमी झोपलेल्या माणसाला भूक जास्त लागते, आणि ती गोड-तळलेल्याची लागते. सात तास झोप, तुकड्यांत का होईना, पुरी करा. दिवसा झोपायचे तर खोलीत काळा पडदा लावा आणि घरच्यांना फोन उचलायला सांगा. मुख्य जेवण पाळीवर जाण्याआधी घरी घ्या. पहाटे दोन-तीनच्या सुमाराला डब्यातले हलके काही : उकडलेली अंडी, मूगाच्या गाठी, काकडी, ताक. कँटीनमधला फ्राइड राइस त्या वेळी खाल्ला तर झोपही बिघडते. पाळी आठवड्याआड बदलत असेल तर वजन करायचा वार तोच ठेवा, वेळ मात्र 'झोपून उठल्यावर' अशी धरा.

रेषा ओलांडली तर

दोन सोमवार लागोपाठ रेषेच्या वर. आता काय? घाबरून उपास धरायचा नाही. वही काढा आणि मागच्या महिन्यात काय बदलले ते शोधा. बहुतेक वेळा एकच गोष्ट सापडते. चालणे सुटलेले असते, किंवा नवीन ऑफिसात रोज कुणीतरी काही आणत असते, किंवा मुलांच्या परीक्षेत रात्री जागून खाणे होत असते. तीच गोष्ट आधी दुरुस्त करा. सोबत चार आठवडे एवढेच : रात्रीचा भात एक डावावरून अर्ध्यावर, ताटात भाजी दुप्पट, गोड आणि तळलेले फक्त रविवारी, घोट बंद, चालणे वीस मिनिटांनी जास्त, आणि या चार आठवड्यांत जे खाल ते लिहून ठेवा, अगदी शेंगदाण्याच्या मुठीपर्यंत. लिहिल्याने खाणे आपोआप कमी होते, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. आठवड्याला अर्धा किलो उतरले की पुरे. रेषेच्या आत आलात की लिहिणे थांबवा आणि नेहमीच्या मापावर या.

डॉक्टरांकडे कधी जायचे

सगळे नीट चालू असूनही वजन चढत असेल तर थायरॉइड तपासून घ्या. काही औषधांनीही वजन वाढते : स्टेरॉइड, मधुमेहाची काही औषधे, इन्शुलिन, फिट्सची आणि मानसिक आजारांवरची काही. ती स्वतःहून बंद करू नका, पर्याय आहे का ते डॉक्टरांना विचारा. वजन उतरवायची नवी इंजेक्शने आता आपल्याकडेही मिळतात. ती काम करतात, पण सेमाग्लुटाइड थांबवलेल्या लोकांवरच्या अभ्यासात वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आला. म्हणून सुरू करण्याआधीच डॉक्टरांना विचारून घ्या : किती काळ घ्यायचे, खर्च किती, थांबवायचे झाले तर पुढे काय.

गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना यातले काहीही स्वतःच्या मनाने करू नये. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल तर जेवणाचे माप बदलण्याआधी डॉक्टरांना सांगा, कारण भात कमी केला आणि डोस तोच राहिला तर साखर एकदम खाली जाऊ शकते. आणि उलट बाजूही : काही न करता सहा महिने ते वर्षभरात वजन पाच टक्क्यांहून जास्त घटले, म्हणजे ७० किलोच्या माणसाचे साडेतीन किलो, तर खूश होऊ नका, तपासून घ्या. सुरुवात गावच्या आरोग्य केंद्रातून करा. तिथून गरज पडली तर बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) पाठवतात. जाताना वजनाची वही, चालू औषधांच्या सगळ्या पट्ट्या आणि आधीचे रक्ताचे रिपोर्ट बरोबर घ्या.